कॉरिडेल मेंढ्या, लोकरीची स्पर्धा आणि ‘टेंडर’ लिहिलेलं कार्ड

रानजाई

मंडळी, गेल्या वर्षी या फोरमवरच्या बागेच्या धाग्यावर मी आमच्या मेंढ्यांचा नुसता उल्लेख केला होता तर तिघाचौघांनी विचारलं की लोकरीची स्पर्धा म्हणजे नक्की काय असतं, सविस्तर लिही. तेव्हा जमलं नाही. आता शो होऊन आठवडा झालाय, हात जरा मोकळे झालेत, म्हणून लिहून काढते. लांबणार आहे, आधीच सांगते.

आम्ही न्यूझीलंडला, क्राइस्टचर्चपासून तासाभरावर राहतो. दहा एकर जमीन, सोळा माद्या आणि दोन मेंढे. जात कॉरिडेल. ही इथलीच जात, एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जेम्स लिटल नावाच्या माणसाने लिंकन मेंढे आणि मेरिनो माद्या यांच्यापासून तयार केलेली, आणि ज्या स्टेशनवर, म्हणजे मेंढ्यांच्या मोठ्या फार्मवर, तयार केली त्याचंच नाव जातीला पडलं. लिंकनची लोकर लांब, चकाकदार पण जाड, मेरिनोची तलम पण बट आखूड, ही दोघांच्या मधली. साधारण २५ ते ३० मायक्रॉन. (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग, तलम मेरिनो १९ च्याही खाली जाते.) एका मेंढीची वर्षाची लोकर चार-पाच किलो सहज निघते. आमच्या सगळ्या रंगीत आहेत, काळ्या, करड्या, दोन चॉकलेटी. हातकताई करणाऱ्या बायका रंगीत लोकर शोधत असतात, कारण ती रंगवावी लागत नाही.

मी मूळची फलटणकडची. लहानपणी दरवर्षी आमच्या रानात धनगरांचा वाडा, म्हणजे मेंढरांसकट तळ, उतरायचा, खतासाठी मेंढरं बसवायचो, त्यामुळे मेंढ्या मला नवीन नव्हत्या. पण लोकर म्हणजे काय ते मला इथे येऊन कळलं, आणि तेही पहिल्या वर्षी सपशेल हरल्यावर.

इथे दोन प्रकारच्या स्पर्धा असतात. एक जिवंत मेंढीची, तिला दावं लावून रिंगणात उभी करतात, जज तोंड, दात, पाय बघतो आणि मग खांदा, बरगडी आणि मागची मांडी अशा तीन ठिकाणी दोन्ही तळव्यांनी लोकर दुभंगून आत बघतो, मेंढा असेल तर वृषणंही हाताने तपासतो. दुसरी फ्लीसची, म्हणजे एका मेंढीची पूर्ण कातरलेली लोकर, कडेचा घाणेरडा भाग काढून, गुंडाळून, पारदर्शक पिशवीत घालून द्यायची. त्याला शंभरपैकी मार्क असतात. बटीची लांबी, मजबुती, खांद्यापासून मांडीपर्यंत सारखेपणा, नागमोडी वळ्या, स्पर्श, कचरा किती, वजन, असं बरंच काही.

पहिल्या वर्षी मी माझी सगळ्यात देखणी फ्लीस दिली. काळीभोर, मऊ, हात घातला की आत बुडायचा. जज म्हणजे सत्तरीचे एक आजोबा. त्यांनी पिशवी उघडली, वास घेतला, खांद्यावरची पेन्सिलीएवढी जाड बट वेगळी काढली. दोन्ही टोकं दोन हातांत पकडली, कानाजवळ नेली आणि मधल्या बोटाने टिचकी मारली. मग परत एकदा. मग माझ्याकडे बघून ती बट नुसती ताणली आणि ती मधोमध तुटली, कागद फाटल्यासारखा चर्र आवाज झाला. कार्डावर एकच शब्द लिहिला, टेंडर. मला वाटलं कोमल म्हणजे कौतुकच. पण लोकरीच्या भाषेत त्याचा अर्थ कच्ची. नंबर तर नाहीच, आजोबांनी मार्कही लिहिले नाहीत.

नंतर चहाच्या टेबलाशी त्यांना गाठलं. ते म्हणाले, मेंढीचं अख्खं वर्ष या बटीत लिहिलेलं असतं. टोक म्हणजे वर्षापूर्वीचं, मूळ म्हणजे कालचं. जिथे तुटली तिथे तिचं पोट रिकामं होतं किंवा ताप होता. मी घरी येऊन मोजलं. आम्ही डिसेंबरात कातरायचो. तुटलेली जागा मुळापासून जिथे येत होती तो काळ बरोबर जुलै-ऑगस्टचा, म्हणजे इथला ऐन हिवाळा, गवत संपलेलं, मेंढ्या गाभण, आणि मी वाळलं गवत हात राखून टाकत होते कारण महाग पडत होतं. माझी कंजुषी त्या बटीत दिसत होती हो.

त्यानंतर दोन गोष्टी बदलल्या. हिवाळ्यातला चारा वाढवला. आणि कातरणी डिसेंबरातून ऑगस्टात आणली, विण्याच्या आधी. हिवाळ्यात लोकर बारीक होणारच, थंडी आणि गाभणपण दोन्ही एकदम, पण त्याच सुमाराला कातरली तर ती बारीक जागा बटीच्या टोकाला जाते, मधे येत नाही. थंडीत उघडी मेंढी मरेल अशी भीती वाटते, पण कातरणीला जाड दात्यांची फणी लावून अंगावर थोडी जास्त लोकर ठेवतात, आणि कातरलेली मेंढी चारा जास्त खाते, आडोशाला जाऊन बसते. बर्फाचा अंदाज असेल तर मात्र शेडमध्येच ठेवायच्या, त्यात हयगय नको.

यंदा तिसरं वर्ष. रंगीत हॉगेट वर्गात, म्हणजे कोकराची पहिलीच कातरणी, दुसरा नंबर आला. टिचकीला टण्ण वाजली. विचारा काय विचारायचं ते.

सुईदोरा

अभिनंदन!! काय सुंदर लिहिलंयस, टिचकीचा प्रसंग तर डोळ्यासमोर उभा राहिला. मी विणते, कधीमधी न धुतलेली लोकर विकत घेते, पण दर वेळी त्यात एवढा पालापाचोळा निघतो की धुऊन पिंजून जीव जातो. तुमच्याकडे एवढी स्वच्छ कशी राहते? आणि धुताना माझी एकदा पूर्ण पिशवी लोकर घट्ट चिकटून नमदा होऊन बसली, तेही सांग.

माणदेशी

लय भारी धागा ताई. आम्ही आटपाडीकडचे, घरात पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं. आमच्याकडं पण मेंढ्यांचा बाजार मोठा भरतो कार्तिकात, लाखात बोली लागते मेंढ्याला. पण बघत्यात काय, तर नाक. माडग्याळी मेंढ्याचं नाक पोपटावानी वाकडं पायजे, मान लांब, उंची, अंगावरचे पट्टे. लोकर उघडून बघणारा माणूस मी आजपत्तर बघितला न्हाई. खरं सांगतो, तुमचं वाचून पहिल्यांदा डोक्यात आलं की आपण बघतच न्हाई.

रानजाई

@सुईदोरा, स्वच्छ राहत नाही, ठेवावी लागते. मी निम्म्या मेंढ्यांना कापडी झूल घालते, कातरल्यावर महिन्याभरात पहिली, मग लोकर वाढेल तशी मोठी, वर्षात तीन वेळा बदलायची. घट्ट झाली की आतली लोकर घासून गुंतते, सैल झाली की पाय अडकतो, म्हणून रोज बघायचं. रंगीत लोकरीला झुलीचा आणखी एक फायदा, उन्हाने टोकं तांबूस पडत नाहीत.

पण झुलीपेक्षा मोठी गोष्ट म्हणजे चारा कुठून देता. गव्हाण उंच असेल तर एक मेंढी ओढते आणि सगळा भुगा शेजारणीच्या मानेवर. मानेतली कुसळं निघता निघत नाहीत. गव्हाण खाली, तोंडाच्या उंचीवर हवी, आणि गवत घेऊन मेंढ्यांच्या मधून चालायचं नाही. अजून एक, प्लॅस्टिकच्या दोऱ्या. गवताच्या गठ्ठ्याची दोरी, पोत्याचे धागे. लोकरीत एक जरी गेला तरी तो सुताबरोबर कातला जातो, कापडापर्यंत दिसतो. मी दोरी कापली की लगेच खिशात घालते, नवऱ्यालाही सवय लावली आहे.

कातरणारा चांगला हवा हे तर आलंच. दुसऱ्या वर्षी आलेल्या मुलाने घाईघाईत एकाच जागेवरून दोनदा मशीन फिरवलं, त्याने काय होतं तर नखाएवढे तुकडे सगळ्या लोकरीत मिसळतात आणि सुतात गाठी येतात. अर्धी लोकर त्यात गेली.

धुण्याचं रात्री लिहिते, मुलांना आणायला जायचंय.

डॉ. पांजरपोळ

उत्तम धागा. मी पशुवैद्यक, निवृत्त. दोन मुद्द्यांची भर घालतो.

लोकरीची मुळं म्हणजे पुटकं कोकरू पोटात असतानाच ठरतात. आधी प्राथमिक पुटकं तयार होतात, त्यातून जाड केस येतात, मग त्यांच्याभोवती दुय्यम पुटकं, त्यातून बारीक लोकर. मेरिनोत एका प्राथमिकाभोवती वीसेक दुय्यम असतात, जाड लोकरीच्या जातींत तीन ते पाच. ही दुय्यम पुटकं गाभणपणाच्या शेवटच्या काळात आणि जन्मानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत पक्व होतात. त्या वेळी आई उपाशी राहिली तर काही पुटकं कायमची मागे राहतात आणि त्या कोकराची लोकर जन्मभर विरळ येते. ताईंनी हिवाळ्यातला चारा वाढवला त्याचा फायदा आईच्या बटीला झाला तसाच पुढच्या वर्षी त्या हॉगेटलाही झाला, बहुधा दुसऱ्या नंबरात त्याचाही वाटा असेल.

दुसरं, आपल्याकडे लोकर सुधारायचं काम झालंच नाही असं नाही. राजस्थानात अविकानगरला १९६२ साली केंद्रीय मेंढी व लोकर संशोधन संस्था सुरू झाली, तिथे चोकला आणि नाली या तिकडच्या मेंढ्यांवर रॅम्बुलेट आणि मेरिनो या परदेशी जातींचा संकर करून भारत मेरिनो तयार केली. तो कळप कोडाईकनालजवळ मन्नवनूरला थंड हवेत आजही आहे, तिकडे गेलात तर जरूर बघा. आपल्या दख्खनी मेंढीवरही मेरिनोचे संकर झाले. पण दख्खनी मेंढी वर्षातले आठ महिने चालते, दगडधोंडे, काटे, ऊन, आणि पावसाळा संपता संपता चिलटांमुळे येणारा नीलजिव्हा रोग, जो परदेशी रक्ताच्या मेंढ्यांना फार जड जातो. तलम लोकर अशा जिण्यात टिकत नाही आणि टिकली तरी घेणारा नव्हता.

@रानजाई, फलटणच्या आहात म्हणून एक सांगतो. ऑस्ट्रेलियात बुरूला नावाच्या मेरिनोंना जुळी-तिळी व्हायची, त्याचं मूळ शोधत गेल्यावर १७९० च्या दशकात कलकत्त्याहून गेलेल्या बंगाली मेंढ्यांपर्यंत पोचलं. जुळ्या-तिळ्यांचं तेच जनुक सुंदरबनातल्या गरोळ मेंढीत आहे, आणि फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने गरोळ आणून ते दख्खनी मेंढीत उतरवलं, नारी सुवर्णा ही जात ती हीच.

रानजाई

डॉक्टर, नारी सुवर्णा माहीत होती पण ही बुरूलाची गोष्ट नव्हती माहीत! माझ्या गावचा धागा इथपर्यंत आलेला बघून फार बरं वाटलं. आणि पुटकांचं तुम्ही लिहिलंत ते मी प्रिंट काढून शेडमध्ये लावणार आहे.

माणदेशी

डॉक्टरसाहेब, म्हणजे आमची लोकर वाईटच म्हणायची का? एका मेंढरामागं वर्षाला अर्धा किलो निघती, दोनदा कातरून, त्यात केस जास्त. कातरणाऱ्याला पैसं आपणच द्यायचं आणि लोकर बऱ्याचदा रानात टाकून द्यायची. घ्यायला कोण येत न्हाई.

रानजाई

माणदेशी दादा, वाईट अजिबात नाही. हे मला मनापासून लिहायचंय म्हणून जरा सविस्तर लिहिते.

माझ्याकडे आजीचं घोंगडं आहे. येताना आणलं, विमानतळावर डिक्लेअर केलं, त्यांनी उलटसुलट तपासून सोडलं. एकदा ते मी त्याच जज आजोबांना दाखवलं. मला वाटलं खरबरीत म्हणून बाजूला ठेवतील. त्यांनी ते हातावर पसरलं, वर पाणी शिंपडलं, थेंब तसेच उभे राहिले. म्हणाले, हे अंगाला लावायचं कापड नाहीच, हे छप्पर आहे, आणि छपराला जे लागतं ते यात सगळं आहे. मेरिनोचं असं केलं असतं तर दोन पावसाळ्यांत चिंध्या झाल्या असत्या.

म्हणजे बारीक लोकर चांगली आणि जाड वाईट असं नसतंच. स्पर्धेतसुद्धा मेरिनो आणि जाड लोकरीच्या जाती एकत्र बसवत नाहीत, वर्ग वेगळे असतात. ज्याच्या त्याच्या कामाला जी लोकर योग्य ती चांगली. पण तीन गोष्टी सगळीकडे सारख्या: बट मधेच तुटायला नको, खांद्यापासून मांडीपर्यंत फार फरक नको, आणि कचरा नको. दख्खनीत या तिन्ही गोष्टी बघून मेंढा निवडता येईलच की, नाकाबरोबर तेही बघा एवढंच म्हणणं आहे.

आणि हॉगेट वर्गाबद्दल वाचताना तुम्हाला काही आठवलं का? आपलं जावळ! कोकराच्या पहिल्या कातरणीची लोकर, तिचं घोंगडं सगळ्यात मऊ. इथे जे हॉगेट म्हणून वेगळं ठेवतात, वेगळ्या भावाने विकतात, ते आपल्याकडे माहीत होतंच, नावासकट.

चिंचोका

पहिल्यांदाच प्रतिसाद देतोय, राहवलं नाही म्हणून. आमचं घर सनगरांचं, म्हणजे घोंगडी विणणाऱ्यांचं, आजोबांपर्यंत माग होता, खड्ड्यात पाय सोडून बसायचे. लोकर घेताना आजोबा मूठभर उचलून उन्हात धरायचे, मग दोन बोटांत ओढायचे. मेंढपाळाला काही बोलायचे नाहीत, नुसतं चांगली एका बाजूला, कच्ची एका बाजूला. कच्च्या लोकरीचं सूत ताण्यात, म्हणजे उभ्या धाग्यात, धरत नाही, चिंचोक्याची खळ कितीही लावा, ठोक बसला की तुटतं, म्हणून ती बाण्यात, आडव्या धाग्यात, घालायचे. काळी वेगळी, करडी वेगळी, रंग न लावता काठ त्यातूनच काढायचे. रानजाई ताई म्हणतात ती परीक्षा आमच्या ओट्यावर दर हंगामात व्हायची, मार्क तेवढे नव्हते. माग आता माळ्यावर आहे, सुटा करून ठेवलाय.

वाटसरू७१

सगळं छान आहे पण स्पष्ट बोलतो. भाव नाही तर लोकर सुधारून करायचं काय? मेंढपाळ मटणावर जगतो, माडग्याळी म्हणूनच वाढली. त्याला लोकर बघ सांगणं म्हणजे वाढीव काम सांगणं.

रानजाई

वाटसरू, मुद्दा बरोबर आहे आणि टाळत नाही. इथेही मधली काही वर्षं जाड लोकरीचा भाव इतका पडला होता की अनेकांना कातरणीचा खर्चसुद्धा निघत नव्हता, म्हणून लोक आपोआप लोकर गळणाऱ्या जातींकडे वळायला लागले. लिलावात घातली असती तर मलाही काही उरलं नसतं. मला पैसे मिळतात ते हातकताईवाल्यांकडून, त्या किलोला बाजारभावाच्या कितीतरी पट देतात, पण फक्त स्वच्छ, वर्गवारी केलेल्या, मजबूत लोकरीला. कच्ची असेल तर पुढच्या वर्षी फिरकत नाहीत. म्हणजे सगळ्या लोकरीला नाही पण निवडक लोकरीला गिऱ्हाईक असतं. घोंगडी ऑनलाइन विकणारे आता आपल्याकडेही आहेत, त्यांना चांगलं सूत हवंच असणार ना. आणि वाढीव काम म्हणाल तर मेंढी धरलेलीच असते, औषध पाजायला, खूर बघायला, तेव्हाच तळव्याने लोकर उघडायची, अर्धं मिनिट लागतं. आजारसुद्धा लवकर कळतो, गोचीड दिसते, कातडीचा रंग दिसतो.

@सुईदोरा, धुणं. बादलीत साठ अंशांच्या आसपास गरम पाणी, म्हणजे हात घालवणार नाही असं, त्यात भांड्यांचा साबण आधी मिसळून घे, मग लोकर जाळीच्या पिशवीत घालून वरून अलगद दाब. ढवळायचं नाही, चोळायचं नाही, वरून नळ सोडायचा नाही. वीस मिनिटांनी पिशवी उचलून तेवढ्याच गरम पाण्यात दुसऱ्यांदा. पाणी गार होऊ दिलंस तर सुटलेला ओशट परत लोकरीला चिकटतो. तुझा नमदा झाला तो गरमातून एकदम गार पाण्यात घालून चोळल्यामुळे, खात्री आहे.

सुईदोरा

अगदी हेच केलं होतं, गार नळाखाली धरून पिळली होती गं. या शनिवारी परत करून बघते.

माणदेशी

चार दिसांनी लिहितोय, वाड्यावर रेंज न्हवती. ताई, तुम्ही म्हणला तसं केलं. कातरायची वेळ झालीच हाय, मृगाच्या आधी कातरलेली त्यावर आता पाच-सहा महिन्यांची लोकर. दहा मेंढरं धरली, खांदा बरगडी मांडी तिन्हीकडं उघडून बघितलं, खांद्याची बट काढून टिचकी मारली. पहिल्यांदा काय कळंना, पाचव्या-सहाव्याला आवाजातला फरक कळाया लागला. तीन मेंढरांची तुटली, आणि तिन्हीची मुळापासनं दीड-दोन बोटावरच. बसून हिशोब केला तर भादव्यात सलग पाऊस लागलेला, खुरं कुजून ही तिघीच लंगडत होत्या, कळपामागं चराय जात न्हवत्या. मला इसर पडला होता, त्यांच्या अंगावर राहिलं होतं.

मग त्या दहाच्या दहा बटी आईपुढं ठेवल्या, कुठली कुणाची सांगितलं न्हाई. आई सत्तरच्या पुढं हाय, पंधरा वर्षं झाली सूत कातायची चाती हातात धरली न्हाई. तिनं एकेक बोटात घेऊन नुसती मुरगाळली आणि तीन बाजूला काढल्या. त्याच तीन. म्हणली, ही चातीवर धरली की तुटायची, आमी नाव ठिवलं न्हवतं एवढंच.

आता इचार हाय की यंदा ज्या मेंढ्याची पोरं ठिवायची त्याची लोकर पण अशीच बघायची. काय लिहून ठिवू?

रानजाई

दादा, वाचून डोळ्यात पाणी आलं. वही एकच करा, मेंढराची खूण, तिन्ही जागांची बट केवढी, तुटते का आणि कुठे, केस किती, एवढंच. मेंढ्याची मांडी नक्की बघा, तिथे फार केसाळ असेल तर पोरांतही उतरतं. आणि लंगडणाऱ्या तिघींना मेंढा लागायच्या आधी वेगळा खुराक द्या.

आईंना एक विचाराल का, त्या जावळ वेगळं कसं ठेवायच्या?

चिंचोका

माणदेशी दादा, जावळ निघालं तर टाकू नका. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो, माग उतरवायचा विचार चाललाय घरात.

माणदेशी

इचारलं आईला. म्हणली, कातरतानाच कोकरं आधी घ्यायची, खाली धुतलेलं फडकं टाकायचं, पोटाखालची आणि शेपटीकडची त्यात येऊ द्यायची न्हाई, आणि काळी न्‌ करडी दोन फडक्यांत. परवा कातरायवाला येतोय. आईनं आपलं जुनं लुगडं फाडून दोन फडकी करून दिलीत, धुऊन काट्यावर वाळत घातलीत. चिंचोका भाऊ, व्यनि बघतो.